सहा नंबरच्या खाटेला भेटण्याचे दुष्परिणाम

अतिदक्षता विभागातल्या सहा नंबरच्या खाटेवरील रुग्णाचा धोका सकाळी दहा वाजता चौतीस टक्के होता. दहा वाजून बारा मिनिटांनी त्यांची बायको त्यांना बघायला आत आली आणि तो त्रेचाळीस टक्के झाला. दहा वाजून बावीस मिनिटांनी तिला बाहेर काढण्यात आलं आणि तो पुन्हा चौतीसवर उतरला. इतक्या स्वच्छ पुराव्यानंतर कुणाच्या मनात शंका राहायचं काही कारण नव्हतं.

रुग्ण म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. वय अठ्ठ्याहत्तर, दुखणं न्यूमोनियाचं. छत्तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले, खोटी मापं जप्त केली आणि खऱ्या मापांवर शिक्के मारले. त्यामुळे घरीदारी, अगदी सासुरवाडीतही, त्यांना सगळे निरीक्षकच म्हणत. त्यांच्या बायकोला हॉस्पिटलात पाऊल टाकताक्षणी पहारेकऱ्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी आजी करून टाकलं होतं, तेव्हा आपणही तेच म्हणू. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती. या बावन्न वर्षांत दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, आणि एकमेकांशी बोलल्याशिवाय एक दिवसही गेला नव्हता. आजीला आता एवढंच हवं होतं की सहा नंबरच्या खाटेशेजारी एक स्टूल मिळावं आणि त्यावर तिला बसू द्यावं.

मागणी तशी साधी होती, पण ‘पूर्वसूचना’ प्रणाली आल्यापासून विभागात साधं असं काही उरलं नव्हतं. पासष्टच्या पुढच्या प्रत्येक रुग्णाच्या डोक्याशी एक स्क्रीन टांगला होता. त्यावर त्या रुग्णाचा पुढच्या अठ्ठेचाळीस तासांतला धोका टक्क्यांत दिसे. पंधराच्या आत हिरवा, पन्नासपर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. लाल झाला की विभागानं ‘धोकावाढ कारणमीमांसा’ हा चौदा पानी फॉर्म तीन प्रतींत भरायचा आणि गुरुवारी समितीपुढे उभं राहायचं. त्यामुळे झालं असं, की पूर्वी विभागातली माणसं आजाराला घाबरायची, ती आता आकड्याला घाबरू लागली. आजाराला निदान औषध तरी होतं.

प्रणाली बसवणाऱ्यांचा एक विश्लेषक विभागातच मुक्कामाला असे. वागायला अतिशय सभ्य. आजीला बाहेर काढलं तेव्हा तो स्वतः उठून तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.

“आजी, मनाला लावून घेऊ नका,” तो म्हणाला. “यंत्रानं एकोणीस हजार जुने केसपेपर वाचलेत. त्याला असं दिसलं, की ज्या रुग्णांजवळ नातेवाईक येऊन बसले, ते बहुतेक दोन दिवसांत गेले. ज्यांच्याजवळ कुणी बसलं नाही, ते बरे होऊन घरी गेले.”

“अहो, पण डॉक्टरांनी आशा सोडली, की मगच ते आम्हाला आत सोडतात ना? एरवी दारातूनच हाकलतात,” आजी म्हणाली. “माणूस आजारानं जातो. आम्ही काय त्याला ढकलतो?”

विश्लेषकाला हा मुद्दा नवा होता. त्यानं तो वहीत लिहून घेतला. “शक्य आहे,” तो म्हणाला. “पण प्रणालीची अचूकता एक्याण्णव टक्के आहे. तुमची किती आहे?”

आजीची अचूकता कुणी कधी मोजली नव्हती. ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या दारावर तक्ता लागला. बायको किंवा नवरा, नऊ टक्के. गावातली मुलगी, अकरा. परगावचा मुलगा, सव्वीस. परदेशातला मुलगा, एकावन्न; कारण एकोणीस हजार केसपेपरांत परदेशातला मुलगा खाटेशेजारी जेव्हा जेव्हा उभा दिसला, तेव्हा तेव्हा चोवीस तासांच्या आत सगळं आटोपलं होतं. बोलणं बंद असलेला सख्खा भाऊ भेटायला आला तर रुग्णाला सरळ लाल समजावं, अशी खाली टीप होती. शेजाऱ्यांना फक्त दोन टक्के होते. लिफ्टमध्ये खालच्या मजल्याऐवजी चुकून वरच्या मजल्याचं बटण दाबलेल्या आणि भलत्याच विभागात शिरलेल्या माणसाला शून्य.

निरीक्षकांचा थोरला मुलगा परगावी होता. वडील आजारी पडल्यापासून तो तीनदा निघाला होता आणि तिन्ही वेळा ऑफिसात काहीतरी निघालं होतं. त्याचा फोन आला की त्याच्या आवाजात एक अपराधी चुळबुळ असायची. आजीनं त्याला तक्ता वाचून दाखवला. मग त्याचा जीव भांड्यात पडल्याचा आवाज आजीला इतक्या लांबूनही स्पष्ट ऐकू आला.

“सव्वीस?” तो म्हणाला. “आई, मी तर आज निघतच होतो गं. बॅग भरून दारात ठेवलीय. पण बाबांच्या जिवापेक्षा माझं येणं मोठं आहे का?”

“अरे, पण त्यांना तुला बघायचंय.”

“त्यांना काय कळतंय आई, ते आजारी आहेत. सव्वीस टक्के म्हणजे चेष्टा आहे का? मी मन घट्ट करतो. तूही कर.”

गावातल्या मुलीनं अकरा टक्के ऐकले आणि ती हमसून हमसून रडली. डोळे पुसून ती म्हणाली, की दादा एवढा सव्वीस टक्क्यांचा त्याग करतोय, तर मी अकराचा तरी करायला नको का. पोरांनी आईबापांसाठी काही करायचं मनावर घेतलं, की ती मागे हटत नाहीत.

यंत्राचं वाचन अजून संपलं नव्हतं. आठवड्याभरात त्याला आणखी गोष्टी सापडल्या. डॉक्टर खाटेच्या कडेवर बसून मऊ आवाजात बोलले, की रुग्ण जातो. हात हातात घेतला तर नक्कीच जातो, अठरा टक्के. ‘काय खावंसं वाटतंय ते देऊ’ असं म्हटलं, तर नातेवाइकांनी फोन करायला घ्यावेत. याउलट ज्या रुग्णांवर सिस्टर खेकसल्या होत्या, ते सगळे ठणठणीत होऊन घरी गेले होते. म्हणजे नळी ओढून काढणारे, खाटेवरून उतरू पाहणारे, औषध थुंकणारे. समितीनं ताबडतोब परिपत्रक काढलं. डॉक्टरांनी रुग्णाशी तुटकपणे बोलावं, शक्यतो दाराकडे बघत. आणि साठ किलोपर्यंतच्या रुग्णावर दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, खेकसावं. त्यापुढच्या वजनाला चार वेळा.

विभागाच्या मोठ्या सिस्टरांना हे परिपत्रक फार जड गेलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्या हवं तेव्हा, मनापासून खेकसत आल्या होत्या. आता घड्याळ लावून, केसपेपरवर सही करून खेकसायचं म्हणजे त्यातली सगळी गंमतच गेली होती.

निरीक्षकांची प्रकृती मात्र या राजवटीत आकड्यांनी झपाट्यानं सुधारत होती. कारण तक्रार करणारा रुग्ण वाचतो, हाही यंत्राचा एक निष्कर्ष होता, आणि तक्रारीत निरीक्षकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सलाईनच्या बाटलीवरच्या रेघा एकसारख्या अंतरावर नाहीत, ही त्यांची पहिली तक्रार. मग त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवून विश्लेषकाला जवळ बोलावलं.

“या काट्यावर शिक्का कुणी मारलाय?” त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलं.

“आजोबा, हा काटा नाही. ही प्रणाली आहे.”

“मोजतो ना? मग काटाच. तो खरा आहे की खोटा, हे कशाशी ताडून बघितलंत?”

“मागच्या एकोणीस हजार रुग्णांशी.”

“म्हणजे दुकानदारानं स्वतःचंच वजन वापरून स्वतःचा तराजू तपासला,” निरीक्षक म्हणाले. “असली दुकानं मी बंद केलीयत.” त्यांना खोकल्याची उबळ आली. सिस्टरांनी ही तक्रार क्रमांक सतरा म्हणून नोंदवली आणि स्क्रीन एकवीसवर आला.

पण त्यानंतर निरीक्षकांनी तक्रार केली नाही. दोन दिवस ते दाराकडे तोंड करून पडून होते. दर दहा मिनिटांनी ‘ती कुठाय’ असं विचारत, आणि सिस्टर परिपत्रकानुसार त्यांच्यावर खेकसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि विचारणंही सोडलं. पेज तशीच परत जाऊ लागली. रोजच्या घाईत केसपेपरवर मात्र ‘रुग्णाने नेहमीप्रमाणे तक्रार केली’ हे वाक्य कालच्या पानावरून आजच्या पानावर उतरत राहिलं, आणि स्क्रीन अकरा टक्क्यांवर येऊन हिरवागार झाला. अकरा टक्केवाल्या रुग्णाला वारंवार तपासायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे त्यांचा ताप दिवसातून एकदाच बघू लागले, आणि तोही स्क्रीनवर.

डॉक्टर फेरीला आले. त्यांनी निरीक्षकांकडे बघितलं, मग स्क्रीनकडे बघितलं, मग पुन्हा निरीक्षकांकडे.

“मला हे बरे दिसत नाहीयेत,” ते हळूच म्हणाले.

“पण हिरवे आहेत,” विश्लेषक म्हणाला.

डॉक्टरांनी बारा वर्षं शिक्षण घेतलं होतं, पण हिरव्या रंगाविरुद्ध त्यांच्याकडे कागद नव्हता. ते दाराकडे बघत तुटकपणे ‘उत्तम’ म्हणाले आणि सात नंबरकडे वळले.

मोठ्या सिस्टर त्या दुपारी व्हरांड्यात आल्या. आजी बाकावर बसली होती. अकरा दिवसांत त्या बाकावर तिच्या बसण्याची जागा ठरून गेली होती.

“आजी, खरं सांगू?” सिस्टर तिच्याशेजारी बसत म्हणाल्या. “तुमच्या मिस्टरांनी मनानं हाय खाल्लीय. अशी माणसं मी तीस वर्षं बघतेय. आजार उतरतो, पण माणूस भिंतीकडे तोंड करतो. मग चार-पाच दिवस.”

इतके दिवस ती स्वतःला बजावत होती की आपण लांब राहिलो तर ते वाचतील. मनातून पटत नव्हतं, पण एक्याण्णव टक्क्यांपुढे ती मान खाली घालून बसली होती. आता तिला स्वतःचा भयंकर राग आला. “मला आत सोडा,” ती म्हणाली. “नऊ टक्के वाढले तर वाढू देत. माझा माणूस आहे तो.”

“मी सोडीन. पण तुम्ही आत गेलात की यंत्र ओरडतं, आणि पाच मिनिटांत तो पोरगा तुम्हाला दार धरून बाहेर काढतो.” सिस्टरांनी भेटीची नोंदवही मांडीवर उघडली. नातं या रकान्याशेजारी भेटीचा हेतू असा एक रकाना होता. तो आजवर कुणी भरला नव्हता, पण यंत्र तोही वाचत होतं. सिस्टरांनी छापील यादीवरून बोट फिरवलं. ‘पाहणे’, धोका वाढतो. ‘धीर देणे’, फारच वाढतो. ‘सह्या घेणे’, विचारू नका. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“आजी, तुमचं त्यांच्याशी भांडण होतं का कधी?”

“कधी म्हणजे?” आजी म्हणाली. “रोज.”

“भांडायला येणाऱ्याला उणे सात टक्के आहेत. रुग्ण उलटून भांडला तर उणे बारा. दर दहा मिनिटांनी मला ‘भांडण चालू’ असं लिहावं लागेल, त्यामुळे थांबायचं नाही. जमेल?”

अकरा दिवसांनी आजी पहिल्यांदा हसली. बावन्न वर्षांचा सराव असा वाया जाणार नव्हता.

ती आत गेली, स्टूल ओढलं आणि बसली. निरीक्षक भिंतीकडे तोंड करून पडले होते. खांदे एवढेसे झाले होते. आजीला रडू आलं, पण रडण्याला तेरा टक्के होते. तिनं पदर खोचला.

“माझ्या भावाचा तराजू का जप्त केलात?” ती म्हणाली.

तिनं स्टूल आणखी पुढे सरकवलं.

“लग्नाला दोन महिने झाले नव्हते. माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानात शिरलात आणि भर गिऱ्हाइकांत त्याचा तराजू उचललात. माहेरी तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत मला.”

खांदा किंचित हलला. मग भिंतीकडून खरखरीत आवाज आला. “किलोमागे वीस ग्रॅम मारत होता.”

“नव्हता मारत. पंधरा.”

“वीस,” म्हणत निरीक्षकांनी तोंड वळवलं. त्यांना वळायला बराच वेळ लागला. “मी मोजलेत. चोर होता तुझा भाऊ.”

“आणि तुमचा मामा? त्याच्या दुकानाचं तपासणीपत्रक घरी बसून भरायचात ते?”

“एकदाच. मला ताप होता तेव्हा.”

“भांडण चालू,” असं सिस्टरांनी लिहिलं. स्क्रीन आठवर आला. विश्लेषकानं काचेतून समाधानानं मान हलवली.

भावानंतर बंद पडलेलं घड्याळ निघालं, मग शेजाऱ्याला दिलेली आणि कधीच परत न आलेली शिडी. चाळीस मिनिटांनी निरीक्षकांनी पाणी मागितलं. पन्नास मिनिटांनी पेज मागितली आणि ती पातळ आहे म्हणून तक्रार केली, खरीखुरी, अठरावी. आजीनं चादरीखालून त्यांचा हात धरला होता. वर दिसला असता तर अठरा टक्के गेले असते.

“फार भीती वाटत होती हो,” ती एकदम म्हणाली. “तुम्ही जाल असं वाटलं.”

“हळू बोल,” निरीक्षक कुजबुजले. “टक्के वाढतील. अकरा दिवस कुठे होतीस?”

“बाहेर बाकावर.”

“मला वाटलं, वैतागून माहेरी गेलीस.” त्यांनी तिचा हात जरा घट्ट धरला, आणि मग सिस्टरांनी मान वर केलेली बघून मोठ्यानं म्हणाले, “आणि ती शिडी मी नाही, तू दिली होतीस.”

भांडण रोज सकाळ-संध्याकाळ चालू राहिलं. नवव्या दिवशी निरीक्षक स्वतःच्या पायांनी चालत घरी गेले. जाताना त्यांनी विभागातला वजनकाटा तपासला आणि तो पाऊण किलो जास्त दाखवतो असं लेखी कळवलं.

समितीच्या अहवालात सहा नंबरची खाट हे ‘भेटनियंत्रणाचे आदर्श यश’ म्हणून नोंदलं गेलं. अकरा दिवस कुटुंबाला दूर ठेवल्यामुळे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा रुग्ण वाचला, असं त्यात होतं. स्टुलाचा उल्लेख नव्हता. एवढं यश एकट्या हॉस्पिटलात कोंडून ठेवणं बरं नव्हे, म्हणून प्रणाली घराघरांत देण्यात आली. म्हाताऱ्या माणसाच्या मुलाबाळांनी फोनवर नाव नोंदवायचं, की सुटीच्या आदल्या दिवशी संदेश येई: ‘तुमच्या भेटीमुळे वडिलांचा धोका सव्वीस टक्क्यांनी वाढेल. जायचे आहे का?’ खाली दोन बटणं असत. दोन महिन्यांत दोन लाख मुलामुलींनी नाव नोंदवलं आणि जड अंतःकरणानं दर आठवड्याला ‘नाही’ दाबलं. सक्ती कुणीच केली नव्हती. आईबापांना तळहातावरच्या फोडासारखं जपायची इतकी सोपी सोय पूर्वी नव्हतीच.

मग एक अपघात घडला. विश्लेषकानं आपली वही चाळता चाळता आजीचा तो मुद्दा वाचला. तो सभ्य होता तसाच प्रामाणिकही निघाला. त्यानं तीन दिवस बसून सगळं पुन्हा मोजलं आणि दोन लाख फोनांवर दुरुस्तीचा संदेश गेला: ‘आमची चूक झाली. भेटल्याने धोका वाढत नाही. निर्धास्तपणे जा. क्षमस्व.’

प्रणाली सुरू झाल्यापासून तिच्याविरुद्ध एकही तक्रार आली नव्हती. त्या एका दिवसात एक्केचाळीस हजार आल्या. संदेश मागे घ्या, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. कुणी लिहिलं, की असा निष्काळजीपणा म्हणजे वृद्धांच्या जिवाशी खेळ आहे. कुणी विचारलं, की निदान अर्धा टक्का तरी शिल्लक असेल ना.

आजीनं संध्याकाळी थोरल्याला फोन लावला. निरीक्षक शेजारच्या खुर्चीत कान देऊन बसले होते.

“अरे, संदेश आला ना? आता ये. बाबा वाट बघतायत.”

“आई, तू पण ना,” थोरला म्हणाला. “इतके दिवस यंत्र चुकत होतं म्हणतात. मग आता बरोबर आहे कशावरून? असल्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो.”

आजीनं फोन खाली ठेवला. “काय म्हणाला?” निरीक्षकांनी विचारलं. “निघालाय,” ती म्हणाली, आणि त्यांनी ते माप न तपासता मान्य केलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

आपल्याकडे ही प्रणाली अजून आलेली नाही, म्हणून कुणी हळहळू नये. यंत्र नसताना, तक्ता नसताना, केवळ स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीच्या जोरावर आपल्यापैकी कित्येकांनी आईवडिलांचा धोका गेली काही वर्षं शून्यावर आणून ठेवलेला आहे. नुसता फोन केल्यानं तो किती वाढतो, यावर मात्र अजून संशोधन झालेलं नाही. पण तुम्हीही खबरदारी म्हणून फोनही टाळतच असाल.